रोजकीर्द आपली, ॲप कुणाचंही

अगं, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर घोस्टफोलिओ हे गुंतवणुकीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवायचं आणि फोनमधली गुंतवणुकीची सगळी ॲप काढून टाकायची, असं तुझ्या मनाने जवळजवळ घेतलंय. तुझा मुद्दा मला पटतो. आपल्या घरचे फंड, शेअर, ठेवी, सोनं यांचा एकत्र आकडा परक्या कंपनीच्या सर्व्हरवर कशाला? पण नक्की करायच्या आधी थोडं ऐकून घे. बाबांचे सगळे कागद मी लावले, त्यामुळे असा हिशेब नेमका कुठे अडतो ते मी जवळून पाहिलंय.

या विषयावर बोलणारे सगळे सर्व्हर कुणाचा यावरच भांडतात. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. आधी हे बघ, की आजवरच्या प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद, म्हणजे तारीख, युनिट, भाव आणि रक्कम, तुझ्या स्वतःच्या ताब्यात आहे का आणि ती कुठल्याही ॲपशिवाय वाचता येते का. जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. व्यवहार झाला की तो त्याच दिवशी रोजकीर्दीत उतरायचा आणि खतावणी तिच्यावरून तयार व्हायची. खतावणी हरवली तर रोजकीर्दीवरून पुन्हा लिहून काढता येते. रोजकीर्दच गेली तर मात्र सगळं गेलं. तू जे सॉफ्टवेअर निवडायला बसली आहेस, ते घरचं असो की कंपनीचं, ती खतावणी आहे. रोजकीर्द तुझ्याकडे हवी.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. 2024 हे एकच साल घे. अमेरिकेत इन्ट्युट कंपनीने मिंट हे लाखो लोकांच्या वापरातलं ॲप मार्चमध्ये बंद केलं. आपल्याकडे त्याच वर्षी कुवेरा हे गुंतवणुकीचं ॲप क्रेड कंपनीकडे गेलं आणि ईटी मनी 360 वनकडे. त्याआधी 2017 मध्ये गूगल फायनान्सने पोर्टफोलिओची सोय काढून टाकली होती, तेव्हाही लोकांची अशीच धावपळ झाली. यात कुणाचे पैसे बुडाले नाहीत, हे नीट लक्षात घे. फंडाची युनिट फंडघराच्या आणि रजिस्ट्रारच्या दप्तरी असतात, शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे असतात. ॲप नुसतं दाखवतं. पण सेवा बंद पडली किंवा मालक बदलला, आणि तू वर्षानुवर्षं हाताने भरलेल्या नोंदी, बाबांच्या शेअरचे मूळ भाव, सोन्याच्या पावत्या तिथेच असल्या, तर त्या बाहेर काढायची जबाबदारी तुझ्यावर येते. म्हणून कुठलंही ॲप घेताना आधी त्याचं ‘एक्स्पोर्ट’चं बटण शोध. फक्त आजचे आकडे मिळतात की पहिल्या दिवसापासूनचे सगळे व्यवहार मिळतात, ते बघ. आजचेच मिळत असतील तर तिथे हाताने काहीही भरू नकोस.

आता रोजकीर्द कशी उभी करायची ते सांगते, कारण खरं काम इथेच आहे.

फंडांसाठी कॅम्सच्या साइटवर जा. तिथे कॅम्स आणि केफिनटेक या दोन्ही रजिस्ट्रारकडच्या फंडांचं एकत्र स्टेटमेंट मागवता येतं, त्यालाच कॅस म्हणतात. ‘समरी’ आणि ‘डिटेल्ड’ असे दोन पर्याय येतात. समरीत फक्त आजची शिल्लक असते, ती आपल्या कामाची नाही, डिटेल्ड घे. कालावधी विचारला की ‘स्पेसिफिक पिरियड’ निवडून सुरुवातीची तारीख तुझ्या पहिल्या एसआयपीच्याही आधीची टाक. शिल्लक शून्य असलेले फोलिओसुद्धा हवेत असं निवड, नाहीतर मध्ये मोडलेले फंड त्यात दिसणारच नाहीत आणि तुझा परतावा चुकीचा निघेल. पीडीएफचा पासवर्ड तूच ठरवायचा असतो. थोड्या वेळात ती ईमेलवर येते.

इथे तू अडकणार आहेस, आत्ताच सांगून ठेवते. मागवताना जो ईमेल देशील, त्यावर नोंदलेल्या फोलिओंचंच स्टेटमेंट येतं. अंधेरीला सीप्झमध्ये पहिल्या नोकरीला होतीस तेव्हा टॅक्स वाचवायला घेतलेला फंड आठवतोय? तो तू ऑफिसच्या ईमेलवर घेतला होतास. ती कंपनी सुटली, ईमेल बंद झाला आणि फोलिओ तसाच राहिला. आधी त्या फोलिओवरचा ईमेल आणि मोबाइल बदलून घे. कुठलंही सॉफ्टवेअर, घरचं किंवा विकतचं, हे काम तुझ्यासाठी करणार नाही.

शेअरसाठी दुसरं कॅस असतं, ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल पाठवतं आणि त्याचा पासवर्ड म्हणजे आपला पॅन. त्यात डीमॅटमधलं सगळं एकत्र दिसतं, फंडही दिसतात, पण व्यवहार त्या कालावधीपुरतेच असतात. शेअर कधी, कितीला घेतले हा जुना इतिहास ब्रोकरकडून उतरवून घ्यावा लागतो. ब्रोकर बदलला असशील तर जुन्या ब्रोकरचं खातं बंद करायच्या आधी ट्रेडबुक काढून ठेव. नंतर ते मिळवायला फार खेटे घालावे लागतात.

हे सगळं एका साध्या शीटमध्ये उतरव. रकाने मी असे ठेवलेत: तारीख, कुणाच्या नावाने, कुठल्या संस्थेत, काय घेतलं, किती, काय दराने, एकूण रक्कम, नॉमिनी, शेरा. फंडांच्या ओळी हाताने लिहायची गरज नाही. कॅसची पीडीएफ वाचून तिचा तक्ता करून देणारी कॅसपार्सर नावाची मोफत पायथन लायब्ररी आहे, ती तुझ्याच लॅपटॉपवर चालते. तुला पायथन येतं, तू ते अर्ध्या तासात करशील. पण ‘पीडीएफ इथे टाका, आम्ही लगेच एक्सेल करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी साइटवर ती फाईल चढवू नकोस. तिच्यात पॅन, पत्ता, मोबाइल आणि झाडून सगळे फोलिओ असतात. सर्व्हर घरात हवा म्हणून एवढा विचार करणारी तू, इथे घाई करू नकोस.

शीट तयार झाली की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. ॲम्फी ही फंडघरांची संघटना रोज सगळ्या योजनांची एनएव्ही एका साध्या मजकूर फाईलमध्ये फुकट देते, प्रत्येक योजनेला स्वतःचा क्रमांक असतो. ती फाईल शीटला जोडली की फंडांची आजची किंमत मिळते. शेअरचे भाव गूगल शीट्सच्या फॉर्म्युल्याने येतात, थोडे उशिरा, पण आपल्याला मिनिटामिनिटाचा भाव बघायचाच नाहीये. परतावा काढायला एक्सआयआरआर हे फंक्शन वापर. महिन्याला 5,000 ची एसआयपी, वर्षभरात 60,000 भरले आणि वर्षअखेर 63,800 झाले, तर नुसत्या भागाकाराने 6.3 टक्के दिसतात. पण शेवटचा हप्ता महिनाभरच राबलाय, पहिला वर्षभर. तारखा धरून हिशेब केला की तोच परतावा जवळपास 12 टक्के निघतो. दोन ॲप एकाच फंडाचे वेगळे आकडे दाखवतात, तेव्हा बहुतेक वेळा एक असं मोजत असतं आणि दुसरं तसं.

आता तुझ्या घोस्टफोलिओकडे येते. सॉफ्टवेअर चांगलं आहे, खुल्या स्रोताचं आहे, दिसायलाही नेटकं आहे. तुला ते बसवता येईल याबद्दल मला शंकाच नाही. डॉकरवर तीन गोष्टी चालतात, मुख्य प्रोग्राम, पोस्टग्रेस आणि रेडिस. मला काळजी वाटते ती बसवल्यानंतरची.

एक, ते जगभरच्या लोकांसाठी बनलंय, आपल्या बाजाराच्या खाचाखोचा त्याला ठाऊक नाहीत. भाव मुख्यतः याहू फायनान्सवरून येतात. शेअरच्या नावापुढे एनएसईसाठी एनएस, बीएसईसाठी बीओ लावलं की काम होतं. पण फंडांना तिथे अंकाक्षरांचे लांबलचक कोड आहेत, त्यातला डायरेक्ट-ग्रोथ कुठला आणि रेग्युलर कुठला हे एकेक तपासून घ्यावं लागतं. चुकीचा कोड लागला तरी आकडा दिसतोच, फक्त तो तुझ्या फंडाचा नसतो.

दोन, बोनस, विभाजन आणि विलीनीकरण. रिलायन्सने ऑक्टोबर 2024 मध्ये एकास एक बोनस दिला. तुझ्या नोंदीत 50 शेअर, डीमॅटमध्ये झाले 100 आणि भाव उतरून निम्मा. ही नोंद तू केली नाहीस तर स्क्रीनवर एका रात्रीत निम्मी रक्कम गेलेली दिसेल. बाबांच्या एचडीएफसीचंच बघ ना. जुलै 2023 मध्ये एचडीएफसी बँकेत विलीन झाली तेव्हा दर 25 शेअरला बँकेचे 42 मिळाले. बाबांनी समजा 25 शेअर 25,000 ला घेतले असते, तर आता तीच खरेदी 42 शेअरवर वाटायची, म्हणजे एका शेअरला 595 रुपये 24 पैसे, आणि तारीख मूळ खरेदीचीच धरायची. त्याच महिन्यात रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तिथे मूळ खर्चातला 4.68 टक्के भाग नव्या शेअरकडे जातो. आपल्याकडची तयार सॉफ्टवेअरं हे बहुतेक वेळा आपोआप करतात, मुंबईचं एमप्रॉफिट तर याचसाठी घेतात लोक. घरच्या सर्व्हरवर ते तुलाच करावं लागेल, आणि माझ्या मते यासाठी तुला वर्षातून जो वेळ द्यावा लागेल तो सर्व्हर सांभाळण्यापेक्षा जास्त आहे.

तीन, टॅक्स. जुन्या खरेदीसाठी धरायचा 31 जानेवारी 2018 चा भाव, 23 जुलै 2024 पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के आणि सव्वा लाखाची सूट, हे सगळं आपल्या देशाचं. घोस्टफोलिओकडून ते मिळणार नाही. रिटर्नच्या वेळी कॅम्स-केफिनटेकचं भांडवली नफ्याचं स्टेटमेंट आणि ब्रोकरचा टॅक्स रिपोर्टच वापरायचा, आणि तो आयकराच्या एआयएसशी ताडून बघायचा. ट्रॅकरकडून ही अपेक्षाच ठेवू नकोस, म्हणजे निराशा होणार नाही.

ब्रोकरशी आपोआप जोडून घेईन असं तू म्हणत होतीस. ब्रोकरच्या एपीआयला रोज नव्याने लॉगिन करावं लागतं, एकदा जोडलं आणि विसरलं असं होत नाही. त्यामुळे नोंदी महिन्यातून एकदा फाईलनेच चढवाव्या लागतील. ते पुरेसंही आहे.

आता घरातल्या सर्व्हरचं. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक साधारण 5 वॉट घेतो, महिन्याला साडेतीन-चार युनिट, बिलात जाणवणारही नाही. जुना डेस्कटॉप 60 वॉटने चोवीस तास चालला तर 43 युनिट होतात. लॅपटॉपचा खर्च या दोघांच्या मधला, आणि त्याला बॅटरी असल्याने वीज गेली तरी तो चालू राहतो, हे खरं. पण जुना लॅपटॉप महिनोन्महिने प्लगला लावून कपाटात कोंडून ठेवू नकोस, बॅटरी फुगते, आणि घरात लहान मूल आहे. तुमच्या बोरिवलीत वीज फारशी जात नाही, आमच्या मुलुंडला महावितरण, इथेही बरं आहे. पण 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तो दिवस आठव. अशा वेळी एसडी कार्डवर चालणारा डेटाबेस खराब होऊ शकतो. कार्डाऐवजी एसएसडी लाव आणि राउटरसकट सगळं छोट्या यूपीएसवर ठेव.

बाहेरून बघायचं तर आणखी एक अडचण आहे. बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे घरच्या जोडणीला स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही, शेकडो घरं एकाच आयपीमागे असतात, म्हणून ट्रेनमधून तुला घरचा सर्व्हर उघडता येणार नाही. यावर राउटरचं पोर्ट उघडण्याचे उपाय सांगणारे खूप भेटतील. ते करू नकोस. टेलस्केलसारखं खासगी जाळं वापर, म्हणजे तुझा फोन आणि तो सर्व्हर एवढेच एकमेकांना दिसतील. ज्या डब्यात घरची सगळी जमापुंजी लिहिलेली आहे तो उघड्या इंटरनेटवर ठेवायचा आणि पुढची तीन वर्षं अपडेट टाकायला विसरायचं, हे कुठल्याही कंपनीच्या ॲपपेक्षा जास्त धोक्याचं आहे. इथे मी अजिबात ऐकणार नाही.

आणि तुमची सोसायटी पुनर्विकासाला निघालीये ना? बिल्डरशी करार झाला की तीन वर्षं भाड्याच्या घरात, कदाचित मध्ये एकदा घर बदलायचं, नवी ब्रॉडबँड जोडणी, निम्मं सामान खोक्यात. बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, जिथे बघावं तिथे हेच चाललंय. सर्व्हर त्या गडबडीत पहिल्यांदा बंद पडतो आणि शेवटी लागतो. म्हणून बॅकअप घरातच ठेवून चालणार नाही. डेटाबेसची प्रत आठवड्यातून एकदा, कुलूपबंद करून, आमच्याकडे मुलुंडला एका पेनड्राइव्हवर ठेव. शिवाय घोस्टफोलिओत नाव-पासवर्डाऐवजी एक लांब सिक्युरिटी टोकन मिळतं, तेच तुझं लॉगिन. ते टोकन आणि एन्व्ह फाईलमधल्या गुप्त किल्ल्या बॅकअपबरोबर नसतील तर नुसत्या डेटाबेसचा उपयोग नाही. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या लॅपटॉपवर तो बॅकअप उभा करून बघ. उभा राहिला तरच तो बॅकअप म्हणायचा.

एवढं ऐकून तुला वाटेल, ताई तयार ॲपच्या बाजूची आहे. तसं नाही. फुकट ॲप कशावर चालतं ते विचारायलाच हवं. कुणी फंडांच्या रेग्युलर योजनेतलं कमिशन घेतं, कुणी कर्ज, विमा, अनलिस्टेड शेअर विकतं, आणि तुझी जमा किती आहे हे त्यांच्या विक्रीच्या माणसाला ठाऊक असतं. काही ॲप कॅस आपोआप वाचायला तुझ्या जीमेलची वाचनाची परवानगी मागतात. ती देऊ नकोस. त्या मेलपेटीत तुझ्या मुलाचे रिपोर्ट आहेत, बँकेचे अलर्ट आहेत, सगळंच आहे. एसएमएस वाचायची परवानगी तर मुळीच नको, ओटीपी तिथेच येतात.

त्यापेक्षा अकाउंट ॲग्रिगेटरचा रस्ता स्वच्छ आहे. रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये याचे नियम केले, सप्टेंबर 2021 पासून बँका जोडल्या गेल्या. फिनव्यू, वनमनी, अनुमती अशी नावं तुला दिसतील. यात तू कुठल्या खात्याची, कशासाठी, किती काळासाठी माहिती देतेस ते संमतीपत्रावर लिहिलेलं असतं, मधल्या ॲग्रिगेटरला माहिती वाचता येत नाही, ती कुलूपबंदच पुढे जाते, आणि संमती कधीही मागे घेता येते. संमती देताना मुदतीची ओळ वाच. एकदा बघायला दिलेली संमती बरीच वर्षं चालू राहावी असं तिथे लिहिलेलं असू शकतं. आणि ॲप फोनमधून काढलं म्हणजे खातं मिटलं असं होत नाही. आधी संमती रद्द कर, मग ॲपमधलं खातं डिलीट करायची विनंती पाठव, मग ॲप काढ. तू सगळी ॲप नुसती काढून टाकणार होतीस, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता जे ॲपमध्येही दिसत नाही आणि घरच्या सर्व्हरवरही नाही, त्या ठेवींच्या जोखमीबद्दल. मुलुंड-भांडुपच्या माणसाला सप्टेंबर 2019 विसरता येत नाही. पीएमसी बँकेचं मुख्य कार्यालय भांडुपचं. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खात्यातून सहा महिन्यांत हजार रुपये काढायची मुभा दिली. आमच्या बाजूच्या इमारतींतली निवृत्त माणसं शाखेबाहेर उभी असायची, कुणाची ग्रॅच्युइटी तिथे, कुणाच्या मुलीच्या लग्नाचे पैसे. ठेवीचा विमा तेव्हा एक लाखाचा होता, 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांचा झाला. बँक जानेवारी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा पुन्हा तशाच रांगा लागल्या.

कुठल्याही ट्रॅकरमध्ये ठेवी ‘फिक्स्ड इनकम’ म्हणून एका रंगाच्या पट्टीत येतात आणि सुरक्षित दिसतात. आपल्याला हवं ते वेगळंच: एका माणसाचे, एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांच्या वर किती आहेत? हा रकाना तुझ्या शीटमध्ये हवाच. आणि पतपेढीतली ठेव वेगळी दाखव, तिला हा विमाच नाही. तुझ्या सासूबाईंचे पैसे स्टेशनजवळच्या पतपेढीत आहेत ते मला माहीत आहे. त्यांना न दुखवता, पण या वर्षीच विषय काढ. पोस्टातली एनएससी, पीपीएफ, जुन्या पॉलिसी, सोनं, भिशी, हे सगळं हातानेच लिहायचं आहे, त्याला ना ॲपचा उपयोग ना सर्व्हरचा.

आणखी एक बोलायचंय, ते जरा मनाला लागेल. हे सगळं तुला काही झालं तर कोण उघडणार? तुझ्या नवऱ्याला डॉकर म्हणजे काय ठाऊक नाही, आणि त्याला ते ठाऊक असायची गरजही नाही. बँकांत दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये उद्गम पोर्टल काढलं, विसरलेले फंड शोधायला 2025 मध्ये मित्र आलं, आणि सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर आयईपीएफ या सरकारी निधीकडे जातात, तिथून परत मिळवायला किती कागद लागतात ते बाबांच्या एका कंपनीच्या शेअरसाठी मी केलंय. या सगळ्यामागे बहुतेक एकच गोष्ट असते, घरातल्या दुसऱ्या माणसाला काही माहीत नव्हतं. मला तुझ्याकडून उत्तम डॅशबोर्डपेक्षा एक छापील पान हवंय. त्यावर डीमॅट कुठे, फोलिओ नंबर कोणते, ठेवी कुठे, नॉमिनी कोण, लॉकर कुठला, एवढंच. पासवर्ड त्यावर लिहू नकोस. नॉमिनी असला की पासवर्ड लागत नाही, मृत्यूचा दाखला आणि केवायसीवर काम होतं, आणि कुणाच्याही पासवर्डने त्याच्या माघारी खातं उघडणं बरोबरही नाही. ते पान वर्षातून एकदा बदल, आणि नवऱ्याला बसवून वाचून दाखव.

तर मग तू काय करावंस? मला विचारशील तर आधी शीट. तिच्यावर सहा महिने काढ. नुसती शीट अपुरी वाटली तर पोर्टफोलिओ परफॉर्मन्स हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घे. त्याला सर्व्हर लागत नाही, फाईल पासवर्डने कुलूपबंद होते आणि ती आपल्याच मशीनवर राहते. तुला जो एकांत हवाय तो त्यात मिळतो, आणि रात्री अकराला पोस्टग्रेस का उठत नाही हे बघत बसावं लागत नाही. नवऱ्यासाठी फोनवर काहीतरी हवं असेल तर अकाउंट ॲग्रिगेटरवर चालणारं एखादं ॲप, कमी मुदतीच्या संमतीवर. आईच्या आणि बाबांच्या शेअरसाठी मात्र मी पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतलंय, कारण वीस-तीस वर्षांचे बोनस आणि विलीनीकरणं हाताने सांभाळायची माझी तयारी नाही.

आणि तुला सर्व्हर लावायचाच असेल, त्यातली शिकण्याची मजा हवी असेल, तर लाव. त्यात वाईट काही नाही. फक्त तो शीटवरून भरलेला असू दे, शीट त्याच्यावरून नको.

रविवारी मुलाला घेऊन इकडे ये, दोघी बसून करू. येताना तुम्हा नवराबायकोचे पॅन, जुन्या ब्रोकरचं लॉगिन आणि सासूबाईंच्या पतपेढीची पावती आण. आणि आज रात्रीच कॅम्सचं डिटेल्ड स्टेटमेंट मागव. सीप्झच्या नोकरीतला तो टॅक्सवाला फंड त्यात नसला, तर मला लगेच फोन कर. ईमेल बदलायचा फॉर्म आपण सोमवारीच देऊन टाकू.